यंत्राचा सातबारा

बदली होऊन नव्या गावी रुजू झालेला तलाठी पहिल्याच दिवशी सारे शिवार पायाखाली घालीत नाही. तो आधी दप्तर उघडतो. कोणत्या गटाचे क्षेत्र किती, ते कोणाच्या नावे आहे, त्यात कोणते पीक उभे आहे, पाण्याची सोय आहे किंवा नाही, हे सारे गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांत लिहिलेले असते. त्या दोहोंच्या जोडीलाच महाराष्ट्रात सातबारा म्हणतात. जमीन स्वतः काही बोलत नाही. तिच्या वतीने कागद बोलतो. कागद खरा असला की कारभार सुरळीत चालतो, आणि कागदातील एखादा आकडा चुकला तर दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

आज घरोघरी दिसणाऱ्या अनेक यंत्रांच्या पोटात असाच एक कागद दडलेला असतो. इंटरनेटचा राउटर, दूरचित्रवाणीशेजारची सेट-टॉप पेटी, खिशातला मोबाइल, कारखान्यातील नियंत्रक, अशा पुष्कळ वस्तूंमध्ये एक छोटासा सर्किट बोर्ड आणि त्यावर एक संपूर्ण संगणक बसविलेला असतो. या संगणकावर जी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तिच्या गाभ्याला कर्नल असे म्हणतात. यंत्राच्या स्मृतीची वाटणी करणे, कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा ते ठरविणे आणि बोर्डावरील प्रत्येक उपकरणाशी बोलणे, ही सर्व कामे कर्नलची. परंतु बटन दाबल्यावर हा कर्नल जागा होतो तो अक्षरशः अंधारात. आपल्याजवळ स्मृती किती आहे, दिवे कोठे जोडले आहेत, नेटवर्कची तार कोणत्या चिपशी जाऊन मिळते, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नसते. मग तो आपला संसार ओळखतो तरी कसा?

ज्यांच्या टेबलावर नेहमीचा वैयक्तिक संगणक आहे, त्यांना हा प्रश्न कदाचित अनाठायी वाटेल. त्या संगणकात नवे कार्ड बसविले किंवा यूएसबीच्या खाचेत एखादी वस्तू खुपसली की ती आपोआप ओळखली जाते. याचे कारण असे की, त्या संगणकातील पीसीआय आणि यूएसबी या वाहिन्या हजेरी घेण्याच्या पद्धतीवर रचलेल्या आहेत. पीसीआय वाहिनीवरील प्रत्येक जागेला कर्नल क्रमाने विचारतो, "तेथे कोणी आहे काय?" असेल तर ते कार्ड आपल्या निर्मात्याचा क्रमांक आणि आपल्या जातीचा क्रमांक सांगते, नसेल तर ठरावीक निरर्थक आकडा परत येतो आणि कर्नल पुढच्या जागेकडे वळतो. ज्या गोष्टी अशा रीतीने स्वतः बोलत नाहीत, त्यांची माहिती मदरबोर्डावरील मूळ आज्ञावली कोष्टकांच्या रूपाने पुरविते. शिवाय वैयक्तिक संगणकांचे सारे कूळ एकाच मूळ पुरुषापासून, म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीपासून निघालेले असल्यामुळे, महत्त्वाच्या वस्तू कोठे सापडतील याविषयी एक परंपराही तेथे आहे.

लहान बोर्डांच्या जगात यांतले जवळजवळ काहीच नाही. तेथे प्रोसेसर, स्मृतीचा नियंत्रक, संदेश पाठविण्याची दारे, घड्याळे, हे सर्व एकाच चिपमध्ये कोरलेले असते. ही उपकरणे चिपच्या पत्तापटावर ठरावीक जागी गप्प बसून असतात. त्यांना "तू कोण?" असे विचारण्याची सोय नसते. बरे, प्रत्येक पत्त्यावर दार ठोठावून पाहावे म्हटले तर तोही मार्ग धोक्याचा. ज्या पत्त्यावर कोणी राहत नाही, किंवा ज्या उपकरणाचा घड्याळ-प्रवाह अजून चालू केलेला नाही, तेथे वाचन करू गेल्यास कित्येक चिपांमध्ये दोष उत्पन्न होऊन यंत्र जागच्या जागी ठप्प होते. आणि एखादा साधा दिवा? तो तर चिपच्या एका पायाला तारेने जोडलेला असतो, एवढेच. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला दिवा आहे, पंप आहे की काहीच नाही, हे चिपला कोणत्याही उपायाने समजणे शक्य नाही. ते केवळ बोर्ड आखणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. उदाहरणादाखल टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम ३३५एक्स ही चिप घ्यावी. हिच्यात क्रमवार संदेश पाठविणारी, यूएआरटी नावाची सहा उपकरणे आहेत. परंतु चिपचे पाय मोजके असल्यामुळे एकेका पायाकडे निरनिराळी आठपर्यंत कामे सोपविता येतील अशी योजना केलेली आहे. एकाने बोर्ड आखताना एखादा पाय यूएआरटीकडे दिला, दुसऱ्याने तोच पाय पडद्याच्या रंगासाठी वापरला. दोन्ही बोर्डांवर चिप तीच, परंतु संसार वेगळा.

पूर्वी या अडचणीवर जो तोडगा होता तो सरळ होता. पण सरळ असला तरी दूरदर्शी नव्हता. बोर्डाविषयीची सर्व माहिती कर्नलच्या आज्ञावलीतच लिहून टाकावयाची. प्रत्येक बोर्डासाठी एक स्वतंत्र फाइल. तीत दिवा कोठे, स्मृती किती, व्यत्यय-संकेत कोणत्या क्रमांकाचा, हे सारे सी भाषेत नोंदलेले. एआरएम जातीच्या प्रोसेसरांसाठी लिनक्समध्ये अशा प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक देण्यात येई. यंत्र सुरू करून देणारी छोटी आज्ञावली, म्हणजे बूटलोडर, तो क्रमांक प्रोसेसरच्या एका कप्प्यात ठेवून कर्नलच्या हाती कारभार सोपवी. कर्नल क्रमांक पाहून आपल्या पोटातील नेमकी फाइल काढी. म्हणजे सातबारा चावडीत नव्हता. तो तलाठ्याला तोंडपाठ होता. गावे दहा-वीस असतील तोवर ही रीत चालून जाते.

परंतु गावे दहा-वीस राहिली नाहीत. एआरएम ही संस्था तेव्हा स्वतः चिपा बनवीत नसे; ती प्रोसेसरचा आराखडा परवान्याने देई. परवाना घेणारी प्रत्येक कंपनी त्या प्रोसेसराभोवती आपापल्या पसंतीची उपकरणे, आपापल्या पत्त्यांवर मांडते. मोबाइलचा प्रसार झाला तशा चिपांच्या जाती वाढल्या, चिपांगणिक बोर्ड वाढले आणि २०११ च्या सुमारास नोंदलेल्या यंत्रांचे क्रमांक तीन हजारांच्या पुढे गेले. कर्नलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या, पण किंचित भिन्न अशा फाइलींचा ढीग पडला. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी या पसाऱ्याविषयी आपला संताप जाहीरपणे आणि अत्यंत कडक शब्दांत व्यक्त केला. त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ असा की, एआरएमच्या विविध शाखा एकमेकींकडे न पाहता तीच तीच गोष्ट पुनःपुन्हा लिहीत आहेत आणि त्या बदलांच्या भाराने सर्वांचेच काम अडते आहे.

हा वाद केवळ नीटनेटकेपणाचा होता असे कोणी समजू नये. त्याच्या मुळाशी सामान्य ग्राहकाचाही प्रश्न होता. जेव्हा प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र कर्नल लागतो, तेव्हा तो कर्नल अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी त्या बोर्डाच्या एकट्या निर्मात्यावर पडते. निर्मात्याने नवे मॉडेल बाजारात आणले की जुन्याकडे दुर्लक्ष होते. मग कर्नलमध्ये पुढे सापडलेल्या सुरक्षेच्या उणिवा जगभर दुरुस्त होतात, पण त्या जुन्या यंत्रापर्यंत दुरुस्ती पोचत नाही. वस्तू धडधाकट असते. तिचे ज्ञान मात्र शिळे होते. अशी यंत्रे एक तर कचऱ्यात जातात, नाही तर चोरांना दार उघडे ठेवून घरात चालू राहतात.

या रोगावर औषध अगोदरच तयार होते, मात्र ते वेगळ्याच घरी. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिच ब्रॅडली यांनी यंत्र सुरू करणारी एक मूळ आज्ञावली रचली. फोर्थ या भाषेवर आधारलेल्या या योजनेला पुढे ओपन फर्मवेअर असे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १२७५ या क्रमांकाखाली तिचे प्रमाणीकरण केले. तीतील एक कल्पना अशी होती की, यंत्रातील सर्व उपकरणांचा एक वृक्ष स्मृतीत मांडून ठेवावा आणि कार्यप्रणालीने तो वाचावा. ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांनी आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रांनीही ही पद्धत उचलली. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे संगणक रायगड जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत आले, त्यांची सुरुवातही याच ओपन फर्मवेअरने होत असे. त्या मुलांना अर्थातच त्याची वार्ता नव्हती.

छोट्या बोर्डांवर एवढी मोठी आज्ञावली ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून २००५ च्या सुमारास लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेतील बेंजामिन हेरेनश्मिट आणि त्यांचे सहकारी यांनी एक सुटसुटीत मार्ग काढला. फर्मवेअर नको, त्यातला वृक्ष तेवढा घ्यावा. तो चपटा करून एका छोट्या फाइलीत भरावा आणि बूटलोडरने ती फाइल स्मृतीत ठेवून तिचा पत्ता कर्नलला सांगावा. वृक्षाचे मनुष्याला वाचता येईल असे रूप लिहिण्यासाठी एक सोपी भाषा ठरली आणि तिचे यंत्ररूपात भाषांतर करणारा संकलक डेव्हिड गिब्सन यांनी लिहिला. २००८ मध्ये पॉवर घराण्यासाठी या पद्धतीचे लेखी प्रमाण झाले. यालाच डिव्हाइस ट्री, म्हणजे उपकरणवृक्ष म्हणतात. ग्रँट लाइकली आदी मंडळींनी ही पद्धत पॉवरपीसीबाहेर नेण्याची खटपट चालविलेलीच होती. २०११ च्या वादानंतर एआरएमच्या जगाने ती झपाट्याने स्वीकारली. डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ३.७ या आवृत्तीत प्रथमच अनेक एआरएम कुळांना एकच कर्नल चालू शकेल अशी सोय झाली. तलाठ्याच्या डोक्यातला सातबारा अखेर चावडीच्या दप्तरात आला.

आता हा कागद प्रत्यक्षात दिसतो कसा ते पाहू जाता, बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचे उदाहरण सोयीचे आहे. २०१३ साली आलेला, एखाद्या बँकेच्या कार्डाएवढा हा बोर्ड विद्यार्थ्यांच्या हाती पुष्कळ दिसतो. त्याच्या वृक्षाच्या मुळाशीच बोर्डाचे नाव असते आणि ते विशेषाकडून सामान्याकडे अशा क्रमाने दिलेले असते: हा बीगलबोन ब्लॅक आहे, ते न समजल्यास हा बीगलबोन समजावा, तेही न समजल्यास एएम ३३ कुळातील एक बोर्ड समजावा. पोस्टाच्या पत्त्यात जसे घर, मग गल्ली, मग गाव, तसाच हा प्रकार. यामुळे कर्नलला नेमका बोर्ड अपरिचित असला तरी त्याच्या कुळावरून निभावून नेता येते.

मुळापासून फांद्या फुटतात. एका फांदीवर मुख्य स्मृती, दुसरीवर प्रोसेसर, तिसरीवर चिपमधील वाहिनी आणि त्या वाहिनीच्या डहाळ्यांवर एकेक उपकरण. प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत दोन गोष्टी प्रमुख असतात. पहिली म्हणजे जात: हे उपकरण कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरलेल्या शब्दांत लिहिलेले असते. कर्नलमधील प्रत्येक चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, आपल्याला कोणत्या जातीची उपकरणे हाताळता येतात याची यादी बाळगून असते. वृक्षातील नाव आणि यादीतील नाव जुळले की लग्न जमले. दुसरी गोष्ट म्हणजे क्षेत्र: उपकरणाचा पत्ता कोठून सुरू होतो आणि त्याचा विस्तार किती. सोळाच्या पायावर मोजण्याच्या पद्धतीत एएम ३३५एक्स चिपमधील यूएआरटी एकचा पत्ता ४८०२२००० असा आहे आणि त्याच्या व्यत्यय-संकेताचा क्रमांक ७३ आहे. मुख्य स्मृतीची नोंदही अशीच. ती ८००००००० या पत्त्यापासून सुरू होते. २०११ च्या पहिल्या बीगलबोनच्या वृक्षात तिचा विस्तार १००००००० म्हणजे २५६ मेगाबाइट लिहिला आहे, तर ब्लॅकच्या वृक्षात २००००००० म्हणजे ५१२ मेगाबाइट. एक आकडा बदलला आणि जमीन दुप्पट झाली.

व्यत्यय-संकेतांची व्यवस्था थोडी निराळी आहे आणि तिच्यावरून या भाषेची लवचिकता ध्यानात येते. एखादे उपकरण एका वाहिनीवर राहते, पण त्याची हाक ऐकणारा नियंत्रक दुसरीकडेच असतो. जसा एखादा माणूस एका गावी राहतो, पण त्याच्या तक्रारी नोंदविण्याची चौकी शेजारच्या गावी असते. वृक्षात बाप एकच असू शकतो, म्हणून अशा आडव्या नात्यांसाठी प्रत्येक डहाळीला एक खुणेचा आकडा देता येतो आणि दुसऱ्या डहाळीला त्या आकड्याचा हवाला देता येतो. घड्याळे, वीजपुरवठा, चिपचे पाय, ही सर्व नाती याच रीतीने जोडली जातात. बीगलबोन ब्लॅकवर चार छोटे दिवे आहेत. त्यांपैकी पहिला चिपच्या पाय-नियंत्रक एकच्या २१ व्या पायाला जोडलेला आहे आणि तो हृदयाच्या ठोक्याप्रमाणे लुकलुकावा, एवढे वृक्षात लिहिलेले आहे. दिव्यासाठी कोणालाही एक ओळही आज्ञावली लिहावी लागत नाही. कर्नल कागद वाचतो आणि दिवा लुकलुकू लागतो.

चिपमधील सर्व उपकरणांचे वर्णन एका सामाईक फाइलीत एकदाच करतात. त्यातील पुष्कळशा उपकरणांपुढे 'बंद' असा शेरा असतो, कारण चिपमध्ये वस्तू असणे निराळे आणि बोर्डावर तिच्या तारा बाहेर काढलेल्या असणे निराळे. बोर्डाची फाइल ती सामाईक फाइल आपल्यात सामावून घेते आणि जी उपकरणे खरोखर वापरात आहेत तेवढ्यांपुढे 'चालू' असा शेरा मारते. मग संकलक या सर्वांचे एकत्रीकरण करून यंत्ररूप पोथी तयार करतो. या पोथीच्या आरंभी एक ठरावीक संख्या असते. सोळाच्या पायावर ती लिहिली असता 'ड्यूड' आणि 'फीड' हे दोन इंग्रजी शब्द जोडल्यासारखी दिसते. कर्नल प्रथम तीच तपासतो. ती जुळली तरच पुढचे पान उघडावयाचे, असा दंडक आहे.

येथवरचे वर्णन ऐकून हा कागद म्हणजे केवळ सोयीची यादी आहे असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही, हे दाखविणारी एक घटना त्याच बोर्डाच्या इतिहासात आहे. बीगलबोन ब्लॅक हा पहिल्या बीगलबोनचा धाकटा भाऊ. चिपचे कूळ तेच, रचना बरीचशी तीच, फक्त साठवणीची चिप आणि पडद्याला चित्र पुरविणारी एचडीएमआय चिप त्यावर जास्त. साहजिकच पहिल्या बोर्डाचा वृक्ष नव्या बोर्डाला दिला तर यंत्र सुरू होत असे. परंतु वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपच्या एका नळावर जुन्या बोर्डात ३.३ व्होल्ट दाब लागे. नव्या बोर्डात त्याच नळावर १.८ व्होल्टच हवा होता. जुना कागद दिला की कर्नल प्रामाणिकपणे ३.३ व्होल्ट सोडणार. २०१३ मध्ये नव्या बोर्डाचा वृक्ष लिनक्समध्ये दाखल करताना योजकांनी स्पष्ट इशारा दिला की, जुना वृक्ष वापरून मायक्रो एसडी कार्डासह डझनभर वेळा यंत्र सुरू केले तर एचडीएमआयची चिप जळून जाईल. कर्नल निर्दोष, चिप निर्दोष, बोर्डही निर्दोष. दोष केवळ नोंदीत. आणि पहिल्या दिवशी तर सारे सुरळीत चाललेले दिसणार! चुकीच्या कागदाचा हाच खरा धोका असतो.

म्हणूनच या भाषेच्या पुरस्कर्त्यांनी काही नियम कसोशीने पाळावयाचे ठरविले आहेत. त्यांतला मुख्य असा की, वृक्षाने यंत्र कसे आहे ते सांगावे. त्याच्याशी कसे वागावे ते सांगू नये. दिवा कोठे आहे हे वर्णन झाले. तो कोणत्या ड्रायव्हरने पेटवावा हा कर्नलचा प्रश्न. हे पथ्य पाळले तरच तोच कागद लिनक्सला, फ्रीबीएसडीला किंवा बूटलोडरलाही उपयोगी पडतो. अर्थात सीमारेषा नेहमीच स्वच्छ नसते. दिव्याने हृदयासारखे लुकलुकावे हे वर्णन की आज्ञा, असा प्रश्न चिकित्सक श्रोत्याच्या मनात आलाच असेल, आणि तो प्रश्न जाणकारांतही वादाचा आहे. दुसरा नियम असा की, एकदा रूढ झालेला शब्द बदलू नये. कारण बोर्डासोबत गेलेला जुना वृक्ष नव्या कर्नललाही वाचता आला पाहिजे. तिसरी गोष्ट तपासणीची. प्रत्येक जातीच्या उपकरणाच्या नोंदीत कोणते रकाने असावेत हे पूर्वी गद्यात लिहिलेले असे. २०१८-१९ पासून ते यंत्राला तपासता येईल अशा काटेकोर रूपात लिहिण्यास आरंभ झाला. त्यामुळे रकाना विसरला किंवा शब्द चुकला तर तो बोर्डापर्यंत पोचण्यापूर्वीच पकडता येतो. मात्र ३.३ की १.८, यासारखी चूक पकडण्यास अजूनही जाणता माणूसच लागतो.

जमिनीत बदल झाला की सातबारावर फेरफार नोंदवावा लागतो. वृक्षालाही तशी सोय आहे. रास्पबेरी पाय या लोकप्रिय बोर्डावर वरून जोडावयाच्या छोट्या बोर्डांसाठी २०१४ मध्ये जी नियमावली झाली, तीनुसार वरच्या बोर्डात एक लहानशी स्मृतिचिप असते आणि तीत त्या बोर्डापुरती वृक्षाची फांदी लिहिलेली असते. यंत्र सुरू होताना ती वाचून मूळ वृक्षावर कलम केली जाते. ज्या वस्तूला बोलता येत नव्हते, तिच्या गळ्यात अशा रीतीने तिची चिठ्ठी अडकविण्यात आली. याच्या उलट, अगदी लहान चिपांवर, जेथे स्मृती काही किलोबाइटच असते, तेथे वृक्ष वाचण्याइतकीही ऐपत नसते. झेफिर नावाची छोटी कार्यप्रणाली म्हणून वृक्ष कारखान्यातच वाचून घेते आणि त्यातील आकडे आज्ञावलीत थेट मिसळून टाकते.

उपकरणवृक्ष हा एकमेव मार्ग मात्र नव्हे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय नावाची दुसरी पद्धत आणली. वैयक्तिक संगणकांत आणि मोठ्या सर्व्हरांत तिचेच राज्य आहे. तिच्यात कोष्टकांबरोबर कर्नलने चालवावयाच्या लहान लहान आज्ञाही असतात. म्हणजे कागदाबरोबर एक कारकूनही येतो. त्यामुळे बोर्डाचे बारकावे कर्नलपासून झाकून ठेवता येतात, पण कारकुनाने काय केले हे समजणे कठीण होते. उपकरणवृक्षात कारकून नाही. जे आहे ते उघड्यावर आणि वाचता येण्याजोगे आहे. छोट्या बोर्डांच्या जगाने दुसरा मार्ग पसंत केला, तो बहुधा यामुळेच.

भारताचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. ज्या कंपनीची चिप वर उदाहरणादाखल घेतली, तिचे संशोधन केंद्र १९८५ पासून बंगळुरात आहे. मद्रासच्या आयआयटीत आकाराला आलेले शक्ती आणि सी-डॅकने सिद्ध केलेले वेगा, हे दोन्ही स्वदेशी प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या मुक्त आराखड्यावर आधारलेले आहेत. आणि रिस्क-फाइव्हवर लिनक्स चालवावयाचा तर बूटलोडरने वृक्षाचा पत्ता प्रोसेसरच्या एका ठरावीक कप्प्यात ठेवून कर्नलला सुपूर्द करावयाचा, हीच रीत आहे. याचा अर्थ असा की, चंदीगड, चेन्नई वा पुणे येथील एखाद्या प्रयोगशाळेत नवा बोर्ड तयार झाला, तर त्याच्यासाठी नवा कर्नल लिहिण्याचे कारण उरत नाही. जगाने मिळून वाढविलेला कर्नल आहे तसाच घ्यावा आणि आपल्या बोर्डाची प्रामाणिक नोंद तेवढी लिहून द्यावी.

यातील प्रामाणिक हा शब्द महत्त्वाचा. ही पद्धत आल्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. आजही पुष्कळ निर्माते आपला वृक्ष सार्वजनिक दप्तरात दाखल करीत नाहीत. तो बोर्डाबरोबरच फिरतो आणि बोर्डाबरोबरच जुना होतो. ज्यांनी तो दाखल केला, त्यांची यंत्रे निर्मात्याने हात झटकल्यावरही नव्या कर्नलवर चालू राहू शकतात, कारण तो कागद आता सर्वांच्या देखरेखीखाली असतो. एखाद्या जुन्या राउटरचे आयुष्य पाच वर्षांनी वाढले किंवा तो कचऱ्यात गेला, याचा निर्णय कित्येकदा शेदोनशे ओळींची ती फाइल कोठे ठेवली आहे यावर होतो. तलाठी बदलतात, मामलेदार बदलतात. दप्तर जागेवर असले आणि नोंद खरी असली, तर नव्याने येणाऱ्या कोणालाही गाव सांभाळता येते.